न्यू बेरार लॉज, स्टेशनासमोर

तारेत ओवलेली चारेकशे कार्डं
काळमेघांच्या चंदूनं मला दिली, भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी.
तार गंजलेली. प्रत्येक कार्डाला मधोमध भोक,
भोकानं एकेक शब्द खाल्लेला.

'शनवारच्या गाडीनं येतो. चार नंबरची खोली ○ ठेवजा.
पाचात ढेकणं हायेत.'
हा जिनातला ग्रेडर, त्र्यंबक ढोमणे. दर हंगामाला एक, अक्षर तेच.

'माह्यी छत्री खुंटीले राह्यली. कोनाले देऊ नोका.'
शिलाई मशीनचा एजंट, अकोटहून.
दोन महिन्यांनी पुन्हा: 'छत्री राहू द्या. मीच येतो.'
आला का, ते कुठल्याच कार्डात नाही.

एकाचा कोपरा फाडलेला.
असलं कार्ड वाचून टाकून द्यायचं, घरात ठेवत नाहीत;
लॉज म्हणजे घर नव्हे, म्हणून राहिलं असेल.
स्वयंपाक्या महाराजाची आई. गेली बाराला, शिक्का अठराचा.
मधले सहा दिवस तो वांग्याची भाजी करत होता
आणि गिऱ्हाइकं म्हणत होती, आज हात जमला.

मग लॉजचं स्वतःचं छापील कार्ड, निळ्या शाईत:
हवेशीर खोल्या, दोन मजले, वर झेंडा, दारात मोटार.
चंदू हसला. 'मोटार कोनाची थे मालूम नाही.
दुसरा मजला त बांधलाच नाही.
बाबा म्हनत, जिन चालली त पुढच्या साली.'

जिन चालली नाही.
गाडी दोनदाची एकदा झाली, मग गुरुवारी, मग नाहीच.
रुळांमधून बाभळी आल्या.
मी जाऊन पाहिलं: एक रसवंती, तिच्यामागे मोकळी जागा,
मोरीच्या चार फरश्या अजून उताराला लागून.
वर बघितलं. एक मजला पाडलेला, एक न बांधलेला,
दोन्हींतून एकच घार दिसत होती.

तारेतलं सगळ्यात वरचं कार्ड ढोमण्यांचं.
लॉजला कुलूप लागल्यावर आठ महिन्यांनी आलेलं,
तरी कुणीतरी ते ओवून ठेवलं.
अक्षर थरथरलेलं, मजकूर तोच:
चार नंबरची खोली, भोक, ठेवजा.

मी म्हटलं, 'रिकामी' असेल.
चंदूनं कार्ड उजेडाकडे धरलं, बराच वेळ.
'नाही जी,' म्हणाला, 'हातरून असंन.
हातरून ठेवजा.'