निधान

रेणुका हुंदरे, ब्रेकवरनं पाय काढू नको अजून.
मागचा हॉर्न मारूलालाय, मारू दे.
त्याला गोवावेसला पोचायचंय,
आपल्याला फक्त ह्या चौकापर्यंत.
माझ्या पायाखालीही एक ब्रेक आहे,
पण तो मी आज विसरणार आहे.
लायसन्स मिळाल्यावर
डाव्या सीटवर मी असणार नाही.

तो बोर्ड बघ. लाल कडं, आत तीस.
खाली कन्नडमध्ये एक शब्द: निधान.
अक्षरांवर एकदा कुणीतरी डांबर फासलं होतं,
आकडा तेवढा सोडला होता.
मी मराठी शाळेतला. पहिल्यांदा कुणी वाचून दाखवला
तेव्हा वाटलं, इथं खाली धन पुरलंय.
आठ वर्षांचा होतो. चपलेच्या टाचेनं
खांबाच्या बुडाशी माती उकरली.
सोडावॉटरचं एक बूच निघालं.
बाबा हसले: "हळू म्हणतात त्याला तिकडं."
तिकडं म्हणजे आमच्याच भिंतीपलीकडं.

कोष्टक पाठ करून काही होत नाही.
त्या दिवशी उद्यमबागेत खडूनं रेघा मारल्या, ते आठव.
तू तिसानं आलीस, मी ओरडलो,
अठराव्या पावलाला गाडी गप्प उभी.
मग पन्नासनं. त्याच रेघेवर ओरडलो.
अठराव्या पावलाला तुझा पाय
ॲक्सिलरेटरवरनं नुसता निघत होता.
"सर, मी ऐकलं होतं की लगेच!"
ऐकलं होतंस.
गाडीनं नव्हतं ऐकलं.

मी त्या पन्नासातच शिकलो.
टेम्पोत कास्टिंग भरलेलं, पहाट, वडगाव,
मागांची खटखट अजून सुरू व्हायची होती.
गल्लीत बांबूच्या कैच्यांवर
एक अख्खा ताणा खळ पिऊन वाळत होता.
जांभळा.
मला वाटलं धुकंच आहे, जरा रंगीत.
कुणी मेलं नाही. हे आधीच सांगतो,
सगळे तेवढंच विचारतात आणि पुढचं ऐकायचं सोडतात.

विरुपाक्षप्पा बाहेर आला. शिवी नाही, आरडाओरडा नाही.
चाकाला गुंडाळलेलं सूत
बोटानं सोडवत बसला,
लेकीच्या केसातला गुंता काढावा तसा.
मालकानं माझा पगार कापून भरपाई दिली.
म्हाताऱ्यानं पैसे मोजून घेतले
आणि वर म्हणाला, संध्याकाळी ये.

अकरा संध्याकाळी गेलो.
तुटलेलं टोक, त्याचं दुसरं टोक शोधायचं,
बोटांना राख, पीळ, गाठ.
माझी गाठ जाड व्हायची, फणीत अडकायची.
तो न बघताच म्हणायचा: निधान.
मी घाईघाईनं मान हलवायचो.
निधान, तम्मा, निधान.
त्याला माझं मराठी कळायचं, मला त्याचं कन्नड अर्धं,
ह्या एका शब्दाचे दोन्ही अर्थ मात्र
त्या ओसरीवर मला एकदमच लागले.
शेवटी शेवटी तासाला दीडशे गाठी.
टेम्पोचा काटा मी कधी नीट बघितला नव्हता,
हा वेग मात्र अजून तोंडपाठ आहे.

काय म्हणालीस?
हो, झाल्या की साड्या. सात झाल्या.
कुठं गेल्या माहीत नाही,
कोल्हापूर, हुबळी, कुणाच्या तरी लग्नात.
उलट्या बाजूनं हात फिरवला
तर बोटाला लागत असेल कुठं कुठं
माझी धांदल.

तो बघ, गेला हॉर्नवाला, आपल्याला कट मारून.
तिसऱ्या गेटला भेटेल बहुतेक.
नाहीही भेटणार, गेट उघडं असलं तर.
तू पहिला गियर टाक.
आणि तो इंडिकेटर बंद कर,
केव्हाचा टिकटिकतोय.