गोल वस्तूला बाजू नसते

गायमुखच्या खाली, जिथे उल्हास नदी खाडी होऊन जाते,
ओहोटीला गुडघाभर चिखल उघडा पडतो.
इनास परेरा कानाला हेडफोन लावून
काठीच्या टोकाची थाळी फिरवतो,
आंधळ्याने उंबरठा चाचपावा तशी.
मागे मी. खुरपं, बादली
आणि गुडघ्यांची कुरकुर.

सकाळपासूनची कमाई:
सोड्याची बुचं अकरा, सायकलची चेन,
कुणाच्या तरी गणपतीचा पत्र्याचा मुकुट.
तो इनासने धुतला आणि परत पाण्यात सोडला.

मग यंत्राने एकच सूर धरला,
हट्टी पोरासारखा.

कोपरापर्यंत हात घातला.
चिखल सुखासुखी काही देत नाही.

सोललेल्या नारळाएवढा.
गंजाचे पापुद्रे, त्यांत रुतलेल्या कालवांच्या शिंपा.
बत्तीस वर्षं मी वागळे इस्टेटीत लेथ चालवली;
इतिहास मला येत नाही, पण अंगठ्याला
शिवण लागली:
साच्याची दोन अर्धुकं जुळली तिथे
सूतभर पायरी.
ओतणाऱ्याने घाई केली होती.
आमच्या इन्स्पेक्शनला हा माल परत गेला असता.

"फिरंग्यांचा की मराठ्यांचा?" इनास विचारतो
आणि स्वतःच हसतो.
त्याचं आडनाव एका बाजूचं,
शिव्या दुसऱ्या बाजूच्या.
गोल वस्तूला बाजू नसते.

चिंबोऱ्यांची टोपली घेऊन मथुरा भोईर थांबली.
"आमचे घरा हाय यक असाच.
दार वाऱ्यान आपटू नये म्हनून ठेवलाय सासऱ्यान."
मग वाकून बघत,
"कोनाला लागला व्हता का?"

इनासने हेडफोन काढले.
आम्ही दोघेही नदीकडे बघत राहिलो.

लागला असता तर
असा अख्खा, एकटा, चिखलात कशाला निजला असता?
हा चुकलेला.
त्या सूतभर पायरीपायी म्हणा,
वाऱ्यापायी, दारू दमट होती म्हणून म्हणा,
चार हात डावीकडे गेला
आणि होडीतला कुणी एक जण
भिजल्या अंगाने घरी पोचला.
जेवला असेल. बायकोशी भांडलाही असेल.
त्याची नातवंडं-पणतवंडं
या काठावर चिंबोऱ्या धरत असतील,
कोण जाणे.

"नाय," इनास म्हणाला, "नाय लागला."
"बरा झाला," म्हणत मथुरा निघून गेली.

उद्या तहसील कचेरीत अर्ज द्यायचा आहे,
वस्तू, वजन, जागा, सापडल्याची वेळ.
भरती चढू लागली.
बादलीची कडी तुटली, म्हणून गोळा मी
पोटाशी धरून निघालो,
आणि वाटभर अंगठा
पुन्हा पुन्हा त्या पायरीवर जात राहिला.