मूठमाती

कारा-केचेचा कोळसा, अकरा टन.
आणि केबिनमध्ये, सीटमागे, गोधडीखाली
माझा पाठचा भाऊ.
पावतीवर फक्त कोळसा लिहिलाय.

चुलतभाऊ त्याला तबेल्यात घेऊन गेले
तेव्हा मी घरीच होतो. हे आधी सांगून टाकतो.
चहा पीत होतो. आवाज येत होते.
घोडा उधळला असेल, असं मी आईला म्हणालो.
आई नुसती बघत राहिली.
घोडा विकून आम्हाला दोन हिवाळे झाले होते.

त्याआधी आजी गेली, नोव्हेंबरात.
जमीन कुदळीला दाद देईना.
आमच्यात प्रत्येकानं तीन मुठी टाकायच्या असतात,
पोरासोरांनीसुद्धा.
एर्मेकची पाळी आली
आणि ताबिल्दीनं फावडं आडवं धरलं.
तुझी नको.
एवढंच. कुणी आवाज चढवला नाही.
मोल्डो मफलर नीट करत राहिले,
वडील टोपीवरचा बर्फ झटकत राहिले,
आणि मी, थोरला, माझ्या तीन मुठी टाकून
हात पुसून मोकळा झालो होतो.
ज्याला आजीनं घास चावून चावून भरवला
तो पोरगा मूठ आवळून उभा राहिला,
मग तीच मूठ तशीच खिशात घालून
चालत घरी आला.

नारीन मागे पडलं, तेव्हा गोधडीतून बाहेर आला.
ओठ अजून सुजलेला.
मी विचारलं, तुला तिकडे मिळालं तरी काय?
म्हणाला, बाजारात गेलो होतो का, बाइके?
मग बराच वेळ नुसतं इंजिन.
मग म्हणाला, तिथे बसलो की
माझ्या डोक्यातली भांडी आदळायची थांबतात.

मला पटलं नाही. आजही नाही पटलेलं.
पण पटल्यावरच हाडं शाबूत ठेवायची
असा करार मी त्याच्याशी कधी केला होता?
त्याला सायकल शिकवताना तर नाही केला.

दोलोनच्या खिंडीत उजाडायला आलं.
मी गाडी बाजूला घेतली, नमाजासाठी.
वारा असा की चटई हातात ठरेना.
तो मागच्या फळीवर चढला,
कोळशाचे चार मोठे ढेकळे घेऊन उतरला,
चारी कोपऱ्यांवर ठेवले.
आणि म्हणाला, बाइके, किब्ला तिकडे.
तू चीनकडे तोंड करून उभा आहेस.

हसलो. दोघंही हसलो.
त्याचा ओठ फुटला पुन्हा.

माझं झाल्यावर तो थोडा लांब गेला,
दगडापाशी, पाठमोरा उभा राहिला.
मला कळेना माझ्या हातांचं काय करावं.
चटई गुंडाळली. काळी झाली होती कोपऱ्यांवर.
रस्त्यावर लक्ष ठेवलं.
एक गाडी आली, मी उगाच टायर तपासल्यासारखं केलं,
अशा उभ्यानं की तिला तो दिसू नये.

बिश्केकमध्ये निळं फाटक, सालकिन-एजेचं.
तिथे आणखी तिघं होते त्याच्याच वयाचे.
एक मुलगी बटाटे सोलत होती,
फाटक वाजलं तशी सुरी घट्ट धरून उठली,
मला बघून बसली, पण सुरी ठेवली नाही.

निघताना त्यानं खिसा उलटा केला.
ती माती. सुकून भुगा झालेली,
तिच्यात बसच्या तिकिटाचा तुकडा आणि एक बी.
माझ्या तळहातावर ओतली.
तू टाक, म्हणाला. माझ्या नावानं टाक.

परत आलो. ताबिल्दी अंगणात उभा होता.
कुठे सोडलास त्याला?
कोळसा सोडून आलो, म्हटलं.
त्याच्या डोळ्यात बघून म्हटलं, पहिल्यांदाच,
आणि आत जाऊन गुडघे थरथरू दिले.

आता तीन महिने झाले.
कबरस्तान माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे.
माती अजून गाडीतच, ॲशट्रेमध्ये;
त्यासाठी सिगारेट खिडकीबाहेर झटकतो.
आई विचारते, टाकलीस का रे?
नाही टाकली.
मी माझी टाकली होती, आई.
ही त्याची आहे.