पेन्सिलीची फुली

वेंडेलला कवळी बसली त्या नोव्हेंबरात
त्याने पहिल्या ट्रम्पेटची फाइल माझ्या मांडीवर ठेवली
आणि स्वतः चौथ्या खुर्चीवर जाऊन बसला.
भाषण नाही. एवढंच म्हणाला,
"रोझलिंड, ओठ गहाण टाकून वरचे सूर घेऊ नकोस.
व्याज भारी पडतं."

यंग्सटाउन. पोलाद-कामगारांच्या युनियनचं तळघर.
पोलाद गेलं, तळघर राहिलं;
गुरुवारी सात वाजता सतरा माणसं आणि एक गळका रेडिएटर.
मी शाळेची बस चालवते, पहाटे पाचला उठते.
माउथपीस कोटाच्या आतल्या खिशात,
थंडीत पितळ ओठाला चावतं म्हणून.
लाल सिग्नलला काढून नुसतंच फुंकते.
मागच्या सीटवरची पोरं म्हणतात,
बाईंच्या खिशात बदक आहे.

मला वाटायचं, लीड म्हणजे उंची.
सगळ्यांच्या डोक्यावरून जाणारा तो एक सूर,
छताच्या पाइपांना कापरं भरवणारा.
पहिला महिनाभर तेच केलं.
मानेची शीर टरारली, खालचा ओठ सुजून परका झाला,
आणि माझ्यामागे कोणीच नव्हतं.
दुसरा ट्रम्पेट त्याच्या वाटेने, तिसरा त्याच्या,
सॅक्सोफोनवाल्या मिसेस ओरावेत्स मान खाली घालून,
सुटे पैसे मोजत बसल्यासारख्या.
मी एकटी टेकडीवर चढून ओरडत होते,
गाव खाली जेवायला बसलं होतं.

मधल्या सुट्टीत ड्रमर अर्नेल म्हणाला,
"तू बस थांबवतेस, तेव्हा पोरं कधी पुढे आपटतात?"
नाही.
"का नाही?"
मी कॉफी ढवळत राहिले.
आधी पाय हलतो. त्याच्याही आधी खांदा.
पोरांना ते कळतं,
आपल्याला कळतंय हे न कळता.

मग मी श्वास ऐकू येईल असा घ्यायला लागले.
तोंडाने, पोटाच्या तळापर्यंत,
येणाऱ्या सुराच्याच चालीचा, त्याच्याच जाडीचा.
फेब्रुवारीत एकदा माझ्या श्वासाबरोबर
शेजारून तीन श्वास ऐकू आले.
सूर नंतर आला. तो सोपा होता.

वेंडेलच्या कागदांवर छत्तीस वर्षांची पेन्सिल आहे.
इथे श्वास. इथे घाई नको. इथे ड्रमरकडे बघ.
खोडून पुन्हा लिहिलेलं, कागद झिजून पलीकडचं दिसेल असा.
एका संथ रचनेत, शेवटून दुसऱ्या ओळीवर
नुसती फुली.
तिथे सगळे अर्धा ठोका जास्त रेंगाळतात,
छापलेलं नसताना.

विचारलं, तर व्हॉल्व्हला तेल घालत म्हणाला,
"आयोना हॉस्पिटलातली पाळी संपवून तेवढ्यात यायची.
जिन्यावर तिचे बूट दिसेपर्यंत मी सूर धरून ठेवायचो.
बाकीच्यांना वाटलं, ही माझी स्टाइल."
हसला, कवळी सावरत.
आयोनाला जाऊन नऊ वर्षं झाली.

फुली खोडायची की ठेवायची, ते त्याने सांगितलं नाही.
खोडरबर फाइलच्या कप्प्यातच होतं.

मार्चमधल्या एका गुरुवारी ती ओळ आली.
मी जिन्याकडे पाहिलं.
ओल्या बुटांची रांग, कोणाची तरी छत्री.
छापलंय तिथेच मी सूर तोडला.
दुसरा, तिसरा ट्रम्पेट सवयीने पुढे ओघळले,
ट्रॉम्बोनसुद्धा.
चौथ्या खुर्चीवरून काहीच आलं नाही.
तो माझ्याबरोबर थांबला होता, नेमका,
ट्रम्पेट अजून ओठांना लावलेला.

मग कळ दाबून त्याने नळीतलं पाणी फरशीवर सांडलं,
आणि बाकीच्यांना म्हणाला,
"पुन्हा घ्या. तिचं ऐका."

फुली अजून आहे.
एखाद्या गुरुवारी मीही सूर धरते तिथे.
कधी धरणार, हे मला आधी माहीत नसतं.
खांद्याला असतं.