हवा किती

पहाटे पावणेचारला रुवीत एसी जागे असतात आणि मी.
सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरताना
रात्रपाळीवरून परतलेल्या लिसम्मा सिस्टर
भिंतीला चिकटून वाट देतात, विचारतात, आजही?
आजही. शर्यतीला अकरा आठवडे,
आणि बाहेर अंधारातसुद्धा एकतीस डिग्री.

दिवसा मी दात करतो.
टोप्या, पूल, कवळ्या.
केसाच्या जाडीचा फरक माझ्या नखाला कळतो.
त्या सवयीनेच असेल,
सायकलचं एकेक हाड मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं:
पेडल, सीटची दांडी, बाटलीचा पिंजरा,
एकदा तर नुसता स्क्रू.
सुनेत्राने त्या काट्यावर पुन्हा रवा मोजला नाही.

मागे शॉक नको, हे पगाराने ठरवलं.
पुढचा रोमेलने आणला, कुणा जर्मनाच्या मोडीतून.
चक्र एकच, बत्तीस दातांचं.
हसू आलं, माझ्याच धंद्यातला आकडा.
पण अमरातच्या चढाला, तिसऱ्या वळणावर,
मांड्यांनी राजीनामा दिला.
रोमेल म्हणाला, तीसचं बसव, सर.
दोन अक्कलदाढा काढल्या, असं घरी सांगितलं.
सुनेत्रा म्हणाली, होत्या?

मंगळवारी चार मिनिटं जीव काढायचा,
तीन मिनिटांत परत घालायचा, असं पाचदा.
गुरुवारी आराम. तो मला जमत नाही.
शुक्रवारी चार तास, पाठीवर तीन लिटर पाणी, लिंबू, मीठ.
जेलच्या पुडीला सव्वा रियाल, म्हणून खिशात खजूर.
बिया वाटेत थुंकतो.
कधी पाऊस पडलाच तर
माझ्या दमण्याच्या जागा हिरव्या होतील.

आणि टायर.
टायरपायी मी तीन रात्री झोपलो नाही.
रोमेलचं मत, जाड घे, इथला दगड म्हणजे सुरी.
मी पातळ घेतले. दोन्ही मिळून तीनशे दहा ग्रॅम वाचले.
वाचले म्हणजे कुठे गेले, कोण जाणे.

सातव्या शुक्रवारी, वादीच्या पोटात,
जिथे फोनलाही कुणी ओळखत नाही,
समरचा काटा
(आपल्या बाभळीची इकडची मावसबहीण)
शिरला, आणि सूं.
दुधासारखं धावून भोक बुजवणार होतं ते आतलं सीलंट
उन्हाळाभर गॅलरीत तापून
त्याची खरवड झालेली.

सहा किलोमीटर चाललो.
बुटांच्या क्लीट दगडावर टकटकत होत्या
नालेसारख्या.
घोडा मात्र खांद्यावर.

खमीस नावाच्या म्हाताऱ्याने पिकअप थांबवली.
पुढच्या सीटवर बोकड होता, आजारी.
मी मागे, शेळ्यांत.
एकीने माझा हातमोजा चाखून पाहिला, सोडून दिला.
मऊ वाळू लागली तसा तो उतरला
आणि चारी चाकांतून काडीने हवा सोडू लागला,
घाई न करता, दर चाकाला अंगठा दाबत.
मी हिंदीत विचारलं, हवा किती ठेवायची?
म्हणाला, इतनी के बकरी गिरे नहीं.

आता जाड टायर आहेत.
तीनशे दहा ग्रॅम परत आले,
हाक न मारता, बिचारे.
काट्याने काटा काढावा म्हणतात.
इथे एका काट्यामुळे दुसरा
रव्याच्या डब्याशेजारी आपल्या जागी गेला.

उद्या शर्यत. सायकल दाराशी उभी.
खिशात खजूर, नंबर एकशे सात चार पिनांनी टोचलेला.
पंप बावीस दाखवतो, पण मी अंगठ्याला विचारतो,
वाल्व्ह दाबतो, जराशी सोडतो.
आतून सुनेत्राचा आवाज, कसलं हे सूं?
हवा, म्हणतो.
काय हवंय?

काही नाही, म्हणालो. दिवा घालव.