दोन बोटं

जुन्या बाजारात बुधवारी एक जोडी मिळाली होती,
गंजलेली. विकणारा म्हणाला, "सेम टू सेम, साहेब."
घरी आणून फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या:
एक दुसरीपेक्षा अर्ध्या बोटाने उंच.
आता बाल्कनीत आहेत. बुटकीवर कोरफडीची कुंडी बसते.

फियाट चौसष्टची. पुढून नाक वर करून उभी असते,
जेवायला बोलावलं आणि ताटच वाढलं नाही, असा चेहरा.
चाक आणि मडगार्डच्या मध्ये माझी अख्खी मूठ जाते,
वर अंगठाही.
मला तिथे दोन बोटं हवीत.

नाना पेठेत मुर्तुझाभाईंनी कॅटलॉग उघडलाच नाही.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"ग्राइंडरने कापणार असशील तर इकडे येऊ नकोस.
एक वेटोळं कापलं
की बाकीच्यांना वाटतं, आता आपली पाळी."
आणि पावतीच्या मागे भोसरीचा पत्ता लिहून दिला.

भोसरीत लाल तार वेटोळी घेत येते,
तेलात बुडते,
एकदाच ओरडते.
घुल्यांनी हात पुसत विचारलं, किती खाली?
म्हटलं, दोन इंच.
"मग तार जाड घ्यावी लागेल.
खाली बसायचं तर जास्त कडक राहावं लागतं,
पडायला जागाच उरत नाही ना."
मी मान हलवली, समजल्यासारखी.
"आणि मागच्या पाट्यांचं?"
"त्यांचं नंतर. गाडीत बसतं कोण?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी ज्या फोटोवरून वेडा झालो
त्या गाडीत कुणीच बसलेलं नाही.
मी बसतो. आणि रविवारी लीलामावशी,
उजवा गुडघा स्टीलचा.
दार उघडलं की आधी काठी बाहेर, मग ती, मग शिवी.
गाडीला, मला की गुडघ्याला, ते ती सांगत नाही.

त्या संध्याकाळी कर्वेनगर ते भिकारदास मारुती
स्पीड ब्रेकर मोजले. अठ्ठावीस.
पांढरे पट्टे फक्त सहांवर.
एक आमच्या सोसायटीचा, कमिटीने स्वखर्चाने केलेला;
त्याची उंची ठरवायला दोन सभा झाल्या,
इतिवृत्तात एका सभासदाचा विरोध नोंदवलेला आहे.
तो मीच.

घुल्यांना फोन केला: एक इंच.
तिकडे कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.
"काय?"
एक. एकच इंच.
"बरं," म्हणाले, "बसणाऱ्यांना विचारलेलं दिसतंय."
विचारलं नव्हतं.

काल गाडी जॅकवरून उतरली.
डावीकडे तीन बोटं, उजवीकडे साडेतीन.
"आत्ता मोजत बसू नका," घुल्यांनी बजावलं होतं,
"नवी स्प्रिंग लगेच बसत नाही.
महिनाभर खड्डे खाऊ दे तिला."
तरी मी मोजलं. रात्री टॉर्च घेऊन परत मोजलं.

आज मावशी बसली.
सोसायटीच्या ब्रेकरवर खालून काहीतरी खरवडलं,
दोघांनीही ऐकलं नाही असं केलं.
उतरताना काठी, मग ती, मग शिवी.
मी नीट कान देऊन ऐकली:
नेहमीपेक्षा बरोबर एक इंच लांब.