आत ऋण, बाहेर धन

वरच्या डब्यात बटाट्याची भाजी आहे, म्हटलं,
खालच्यात नऊ सेल आणि वायरी.
भाऊच्या धक्क्यावर असं बोलू नये
हे बोलून झाल्यावर कळलं.

शिपाई घोणे, छातीवरच्या पट्टीवर नाव,
दोन पावलं मागे सरल्या.
तुम्हीच उघडा, म्हणाल्या. सावकाश.

लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या
लॅमिंग्टन रोडला किलोवर मिळतात.
मेलेल्या म्हणजे सहातले दोन मेलेले,
बाकीचे चार संगतीमुळे भंगारात.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं मी हेच केलं:
केबलमधली कुठली जोडी जिवंत आहे
ते मोजत बसलो.

यंत्राला नऊ व्होल्ट लागतात, तेही उलटे.
पिनेच्या आत ऋण, बाहेर धन.
बाकी सगळं जग आत धन ठेवतं.
हे ज्याला पाठ असतं
त्याने एक तरी यंत्र जाळलेलं असतं.
मी जाळलंय. हे नव्हे, दुसरं.

आतला जुना रेग्युलेटर पाच व्होल्ट कामाला लावून
उरलेले तापण्यात घालवायचा,
आमच्या अण्णांसारखा.
तो काढला. नवा नखाएवढा आहे, गार राहतो,
त्याच्याबद्दल मला अजून काही वाटत नाही.

शहाऐंशी साली घरात प्लग एकच, ओट्याच्या वर.
हेमाने दोन तास बसून भिशीचा प्रोग्रॅम टाइप केला:
अकरा बायका, अकरा महिने, कुणाची पाळी कधी.
आईने इडलीचं वाटायला प्लग काढला.
मिक्सरच्या आवाजात हेमा काही बोलली नाही.
मिक्सर थांबल्यावरही नाही.
अधूनमधून टेपवर उतरवून ठेवायचं असतं, मी म्हणालो.
बरोबर होतं ते.
म्हणायला नको होतं.

आता ती झिराडला असते, रेवसच्या पुढे.
लाइट जाते तिकडे, दुपारभर येत नाही.
फोनवर म्हटलं, घेऊन येतो, बॅटरीवर चालतंय.
कशाला, म्हणाली.
मग थोड्या वेळाने: इडल्या करते.

यातलं घोणेंना काही सांगितलं नाही.
जुना कॉम्प्युटर आहे मॅडम, एवढंच.
चालवून दाखवा.

बर्फाच्या रिकाम्या खोक्यावर मांडलं:
वहीएवढं यंत्र, रबरी बटणं,
पाच इंची टीव्ही, ज्याला हवेत पकडायला
आता कुणीच उरलेलं नाही,
या एकाशिवाय.
मुंग्या. मग पांढरा पडदा,
तळाशी बारीक ओळ, तीत सन १९८२.
माझं जन्मसाल, घोणे म्हणाल्या,
आणि टोपी जरा मागे सारली.

नाव टाका, म्हटलं.
दहा: हे छाप. वीस: दहावर जा.
इंग्रजी अक्षरांत त्यांचं आडनाव
एकाखाली एक उतरत गेलं,
तोवर दोन कोळणी, एक पाटीवाला,
कुणाचा तरी मुलगा, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला.
मॅच लागते यावर?
नाही.
मग?
या मगला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
तरी कुणी उठून गेलं नाही.

पडदा काठोकाठ भरला की हे यंत्र थांबतं,
खाली विचारतं: पुढे सरकवू?
चाळीस वर्षांनीही विचारतं,
आपल्यात कुणी एवढं विचारत नाही.

रेवसच्या लाँचचा भोंगा झाला.
घोणेंनी माझ्याकडे पाहिलं.
कुठलंही दाबा, म्हटलं.
त्यांचं बोट बटणाच्या वर तसंच राहिलं,
जणू त्यांना अजून थोडा वेळ
आपलं नाव तिथे असू द्यायचं होतं.
डब्यावर हात ठेवून बघितला: कोमट.
मीटरवर दहा पॉइंट नऊ.
मागे वळून पाहिलं, सवयीने,
त्या भिंतीला कुठेच प्लग नव्हता.